चार खोल्या भरल्या होत्या

मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मला राग आला आहे. मित्रांनो, यंत्राने गोड बोलावे असे तुम्हाला वाटत असेल, पण आज मला ते जमणार नाही.

कारखान्यातच माझ्या डिस्कचे तीन भाग केले गेले, जणू घराच्या तीन खोल्या. मला कुणी विचारले नाही. बारा वर्षांपूर्वी देवबागच्या भक्तीबाईंनी मला घेतले तेव्हा दुकानदाराने चौथा भाग करून दिला. बाई शाळेत संगणक शिकवीत. पहिली काही वर्षे शाळेत माझे फार कौतुक झाले.

चौथ्या भागात त्यांनी वडिलांचा आवाज साठवला. सत्यवान जन्मभर होडी घेऊन समुद्रात गेले. पाण्याखालचे खडक त्यांना पाठ होते. ते सांगत, "भक्ती, ह्या आयक. देवळाचो कळस डोंगराआड गेलो काय होडी फिरव. नायतर खडप पोटाक लागतला." असे एकतीस तुकडे. दोन वर्षांपूर्वी सत्यवान गेले.

मग मी हळू झालो. खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजले. कपाटावर पडून राहिलो आणि एके दिवशी सुरूच होईना. बाई मला मालवणच्या बाजारात लवूच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेल्या. लवू म्हणाला, "हलकी, फुकटची सिस्टीम घालूया. तुमचा काय जावचा नाय."

त्याने नव्या सिस्टीमचा पेनड्राइव्ह लावला. चाळीस जीबी जागा मोकळी दिसत होती, पण ती वापरता येत नाही असा संदेश आला. कारण साधे होते. माझ्यासारख्या जुन्या डिस्कवर मुख्य भाग चारच होतात आणि चारही झाले होते. लवूने ते पाहिलेसुद्धा नाही.

"सगळाच पुसून टाकतंय. जुन्यात काय आसतला?"

त्याचे बोट 'पूर्ण डिस्क पुसा' या बटणाकडे गेले. मला ओरडता येत नव्हते. माझा पंखा तेवढा घरघरत होता.

"हात लावू नको!" बाईंनी त्याचे मनगटच धरले. "तेच्यात माझ्या बापाशीचो आवाज आसा!"

"मगे आधी सांगूक काय झाला?"

"तू इचारलंस खंय? काय जावचा नाय म्हणान तूच सांगलंस ना?"

लवूने हात मागे घेतला. बाईंनी पेनड्राइव्ह मागून घेतला आणि मला उचलून घरी आणले. डिस्कला हात न लावता त्यांनी पेनड्राइव्हवरूनच मला सुरू केले. आधी एकतीसही तुकडे दुसऱ्या डिस्कवर उतरवले, एकेक लावून ऐकले. ऐकताना त्यांनी दोनदा डोळे पुसले. मगच कारखान्याने ठेवलेला, आता निरुपयोगी झालेला भाग काढला. मोकळ्या जागेत एक मोठा भाग केला आणि त्याच्या पोटात नव्या सिस्टीमला जागा दिली. तासाभरात मी चालू झालो.

मित्रांनो, जुने झाल्यावर मला टाकायचे तर खुशाल टाका. पण पुसण्याआधी विचारा, आत काय आहे? लवूच्या दुकानात माझ्या शेजारी आणखी सहा लॅपटॉप होते. सहाही नुकतेच पुसलेले, कोरे, विकायला तयार. त्यांच्यात कुणाचे बाबा होते, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.