दोब्रिलाने पुसलेला आकडा

मी एक जुना पेडोमीटर आहे, मित्रांनो. पेडोमीटर म्हणजे पावलं मोजणारी डबी. काड्यापेटीएवढं माझं अंग, पाठीवर चाप, पोटात एक स्प्रिंग आणि एक बारकीशी दांडी. माणसाने पाऊल टाकलं की दांडी टक् करते आणि माझ्या तोंडावरचा आकडा एकाने वाढतो. एवढंच माझं शिक्षण. पण त्याच्याशी मी आयुष्यभर इमान राखलं. न पडलेलं पाऊल कधी मोजलं नाही, पडलेलं कधी गाळलं नाही. आणि तरीही माझ्या आकड्यावर भरवसा ठेवून एक कष्टाळू बाई भरल्या घरात उपाशी राहिली. हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने मला कानाशी धरून हलवलं, टक् ऐकलं, स्वतःशीच हसली आणि खोक्यात ठेवलं. मग बोटीतून, गोदामांतून फिरत मी स्प्लिट शहरातल्या एका दुकानाच्या काचेत येऊन बसलो. तिथून मला तिहानाने घेतलं. तिहाना त्या शहरात हॉटेलात नोकरी करायची. मला घेतलं ते तिच्या आईसाठी, दोब्रिलासाठी.

दोब्रिला समुद्रापलीकडच्या बेटावर राहायची. बांधा भक्कम, आवाज खणखणीत, पण गुडघे पार कामातून गेलेले. शस्त्रक्रिया करायची ठरली, तेव्हा डॉक्टरांनी अट घातली की आधी वजन उतरवा. त्यांनी तिला शहरातल्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, "दोन आठवडे पावलं मोजून आणा, मग रोज किती खायचं ते ठरवू." म्हणून मी.

दोब्रिलाला ती शस्त्रक्रिया हवीच होती, आणि ती काही मिरवण्यासाठी नव्हे. डोंगराच्या अंगावर तिच्या वडिलांचा द्राक्षमळा होता. दगडी बांध घालून एकावर एक रचलेल्या अरुंद पट्ट्या, वर जायला नुसत्या दगडांच्या पायऱ्या. गाढवं कधीच गेली आणि यंत्र तिथे चढत नाही. नवरा कुझ्मा जन्मभर बोटीवर राबलेला, त्याची पाठ मोडलेली. तो कट्ट्यावर पत्ते खेळायचा. दोब्रिलाचे पाय थांबले की मळा संपला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि तिला तर सगळ्यांत जास्त.

आता ऐका खरी गंमत. गंमत कसली, माझं दुर्दैव!

त्या गावात चालणं म्हणजे काय, तर संध्याकाळी चांगले कपडे घालून रिवावर फिरणं. रिवा म्हणजे बंदराच्या कडेची फरसबंद वाट. सगळं गाव चर्चपासून दीपस्तंभापर्यंत जायचं आणि परत यायचं. कोणाचं लग्न जमलं, कोणाचं मोडलं, सगळं तिथेच कळायचं. बाकी दिवसभर पाय हलतात त्याला कोणी चालणं म्हणत नसे. ते घर, ती कोंबडी, तो मळा. त्यात मोजण्यासारखं काय आहे?

तेव्हा दोब्रिलाने मला निळ्या स्कर्टच्या पट्ट्याला लावलं, तो ठेवणीतला स्कर्ट. संध्याकाळी ती तो घालून निघे तेव्हा मी तिच्यासोबत निघे. परत आली की स्कर्ट कपाटात आणि मीही कपाटात.

पहिल्याच दिवशी तिची मैत्रीण पाल्मिना ओरडली, "अगं बाई! कंबरेला रेडिओ लावलास की काय?"

"रेडिओ नाही गं, पावलं मोजतो तो."

"तुझी जीभ मोजणारा मिळाला असता तर बरं झालं असतं. बिचारा पहिल्याच दिवशी जळून गेला असता!"

दोघी पोट धरून हसल्या. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. माणसांत आल्यासारखं.

पण सकाळ मी कधीच पाहिली नाही. फक्त ऐकली. उजाडायच्या आत दाराशी जड बुटांचा आवाज. विहिरीवरच्या बादलीचा आवाज. मग दुपारी परत येणारी धाप, कुझ्मापुढे ताट आदळणं, आणि पुन्हा बूट. मी काळोखात, निळ्या कापडाला चिकटून, गप्प. दांडी जागची हलत नव्हती.

दोन आठवड्यांनी आम्ही शहरात गेलो. आहारतज्ज्ञ बाई वाईट नव्हत्या, मित्रांनो. त्यांनी नीट विचारलं.

"दिवसभर काय काम करता?"

"काही नाही. सार्डिन माशांच्या कारखान्यात होते, तो बंद पडला. तेव्हापासून काम नाही."

"शेतीबिती?"

"छे! वडिलांचा थोडा मळा आहे तेवढा. ते काय काम आहे? ते आपलंच असतं."

बाईंनी दोब्रिलाने रोज लिहून ठेवलेल्या माझ्या आकड्यांकडे पाहिलं. रोजचा तो रिवावरचा फेरा. त्यांनी संगणक स्वतःकडे वळवला. रोज किती कॅलरी खायच्या हे ठरवायचं, तर आधी माणूस किती हालचाल करतो ते निवडावं लागतं. त्याच्या पायऱ्या असतात: बैठं आयुष्य, थोडी हालचाल, मध्यम, आणि शेवटची अंगमेहनत. बाईंचं बोट सगळ्यात खालच्या पायरीवर टेकलं. त्यावर पुढचा सगळा हिशोब उभा राहिला. बसून राहणाऱ्या बाईला पुरेल त्याहूनही थोडं कमी, म्हणजे वजन उतरेल. आकडा पुढेही कळवत राहा, असंही त्यांनी सांगितलं.

मी ओरडलो असतो हो! पण मला फक्त टक् करता येतं, आणि तेही कोणी चाललं तरच.

दोब्रिलाने तो आहार अक्षरशः व्रतासारखा पाळला. तिच्या घरी तेल बाटलीतून धार लावून ओतायची पद्धत. आता ती चमचा घेऊन बसली. उकडलेली पालेभाजी, वर मोजून एक चमचा तेल. पावाचा तुकडा तळहाताएवढा.

कुझ्मा म्हणाला, "हे तेल वाढलंस की पाद्रीबाबासारखं शिंपडलंस?"

"तुझं ताट भरलंय ना? मग गप जेव."

सुरुवातीला वजन झपाट्याने उतरलं. रिवावर बायका वळून पाहू लागल्या. पाल्मिना म्हणाली, "निम्मी राहिलीस गं, मला पण आण ती डबी!" माझं केवढं कौतुक! दोब्रिला मला रुमालाने पुसायची. तिहाना फोनवर म्हणायची, "बघ आई, मी म्हटलं नव्हतं?" मीही फुशारलो होतो, खोटं कशाला सांगू?

मग हळूहळू रिवावर तिची पावलं लहान झाली. ती दीपस्तंभापर्यंत जाईना, मधल्या बाकावर टेकायची. भर उन्हाळ्यात लोकरीची शाल घ्यायची. केसांचे पुंजके स्कर्टवर पडायचे, माझ्या चापात अडकायचे. ती पाल्मिनाला म्हणाली, "माझ्यातच जोर नाही बघ. लोक डाएट करतात आणि ताजेतवाने दिसतात. मी आळशी झालेय." आळशी! ती स्वतःला आळशी म्हणाली!

त्याच उन्हाळ्यात, जून महिन्यात, तो एक रविवार आला. चर्चला जायला तिने निळाच स्कर्ट घातला होता. चर्चमधून निघतानाच दक्षिणेचा दमट वारा सुटला. असा वारा आला की पानांवर डावणी रोग पडतो आणि अख्खं पीक हातचं जातं. कपडे बदलायला वेळ कुठला? दोब्रिलाने निळ्या स्कर्टवरच जुना कोट चढवला, मोरचुदाच्या औषधाचा फवारणी पंप पाठीला लावला आणि डोंगर चढू लागली. मी तसाच पट्ट्याला. ती विसरली होती.

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला पाहिलं. एक पट्टी फवारायची, पुढची फवारायची, पंप रिकामा झाला की खाली टाकीपाशी यायचं, भरायचा, पुन्हा वर. गुडघा प्रत्येक पायरीवर कुरकुरत होता. ती स्वतःशीच शिव्या घालत होती, वाऱ्याला, गुडघ्याला आणि मेरीमातेची क्षमा मागून थोड्या देवालाही. माझी दांडी थांबायलाच तयार नव्हती. टक् टक् टक्! असा आकडा मी जन्मात दाखवला नव्हता. मला वाटलं, सुटली! आता हे दिसेल, आता हे आहारतज्ज्ञ बाईंना कळवलं जाईल, आता हिच्या ताटात पाव पडेल.

घरी येऊन तिने स्कर्ट झटकला तेव्हा मी तिला दिसलो. तिने आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"कुझ्मा, हा बिघडला रे."

"दाखव. हं! पंपाच्या हिसक्याने वेडा झाला असेल. एवढं तर पोस्टमनसुद्धा चालत नाही."

"आज तर मी फिरायलासुद्धा गेले नाही," ती म्हणाली. "हे बाईंना कळवलं तर म्हणतील, म्हातारी फसवते." आणि तिने नखाने माझं बटण दाबलं.

शून्य.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात खरा आकडा होता. तो तिने स्वतःच्या हाताने पुसला.

सप्टेंबरात द्राक्षतोडणी आली. शेजारीपाजारी मदतीला आले, आज तुझा मळा, उद्या माझा, अशी तिथली रीत. पहाटेच उठून दोब्रिलाने सगळ्यांसाठी माशांचं कालवण केलं, भांडंभर. मी कपाटातून तिला ऐकत होतो. पाल्मिना म्हणत होती, "दोन घास खाऊन घे गं, पुढ्यात डोंगर आहे."

"माझं माप झालं," दोब्रिला म्हणाली.

पुढचं मी पाहिलं नाही. त्या दिवशीही मी घरीच होतो. दुपारी नुसती धावपळ ऐकली, कुझ्माचं ओरडणं ऐकलं. रात्री घरात कोणीच परतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिहानाने कपाट उघडलं. इस्पितळात न्यायला कपडे काढत होती. निळ्या स्कर्टला मी सापडलो. मागे पाल्मिना उभी होती. तिच्याच तोंडून मला कळलं. खांद्यावर द्राक्षांचं खोकं घेऊन उतरताना दोब्रिलाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती दोन पट्ट्या खाली कोसळली. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासून विचारलं होतं की या बाई इतक्या उपाशी कशा?

"उपाशी कशी?" तिहाना म्हणाली. "दिवसभर बसणाऱ्या बाईला पुरेल एवढं खात होती ती."

"बसणाऱ्या?" पाल्मिनाचा आवाज चढला. "कोण बसणारी? अगं, तुझी आई दिवसातून तीन-तीनदा मळा चढायची! गावात तिच्याएवढं राबलं कोण? तू लहान होतीस तेव्हा पाठीला बांधून न्यायची तुला!"

तिहाना माझ्याकडे बघतच राहिली. मग स्कर्टमध्ये तोंड खुपसून रडली, अगदी लहान पोरीसारखी.

दोब्रिला वाचली. पण डोंगर सुटला, कायमचा. आता ती खिडकीशी खुर्चीत बसते. तिहाना नोकरी बदलून बेटावर परत आली आहे. ती आईच्या गाऊनला मला सकाळी लावते आणि झोपताना काढते. आता मी अख्खा दिवस दोब्रिलासोबत असतो. पलंग ते खिडकी, खिडकी ते पलंग. संगणकातली ती सगळ्यात खालची पायरी आता तिला अगदी बरोबर लागू पडते. तिहाना पावावर धार लावून तेल ओतते, माशांचं कालवण पुढे ठेवते. दोब्रिला दोन घास खाते आणि म्हणते, "भूकच नाही गं. बसून बसून कुठली लागणार?" समोर डोंगरावर वेली कोणी न छाटता वाढल्या आहेत. ती तिकडे बघते आणि पडदा ओढून घ्यायला सांगते.

एकदा तिहानाने विचारलं, "आई, तू बाईंना सांगितलं का नाहीस गं?"

"काय सांगायचं?" दोब्रिलाला खरंच कळलं नाही. "मी कामाला कुठे जात होते?"

मित्रांनो, माझी स्प्रिंग आता सैल झाली आहे, फार दिवस टक् करेन असं वाटत नाही. म्हणून जाण्याआधी एवढंच मागतो. तुमच्या घरी कोणी कॅलरीचा आकडा ठरवत असेल, तर माझ्यासारख्या डबीला विचारण्याआधी त्या माणसाच्या मागे एक अख्खा दिवस चाला, पहाटेपासून निजेपर्यंत. "मी काय, काहीच करत नाही," असं तुमची आई म्हणाली तर विश्वास ठेवू नका. आधी तिच्या हातातली बादली घ्या, ती किती जड आहे ते बघा, आणि मगच तिच्या ताटात किती वाढायचं ते ठरवा.