उत्तमरावांचा शेरा

उत्तमराव हेडमास्तरांनी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा छापील कागद पुढ्यात ओढला आणि समोर उभ्या मायलेकांकडे न पाहताच नाव विचारलं. नाव त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुंजाजी तीन वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकत होता. पण मेंढरं राखणाऱ्या गोजरबाईच्या पोराचं नाव हेडमास्तरांनी लक्षात ठेवायचं, म्हणजे मग आब तो काय राहिला!

त्यांच्या शाळेचा मॅट्रिकचा निकाल सात वर्षं शंभर टक्के लागत आला होता. त्यामागची युक्ती साधी होती. ज्याच्या पास होण्याबद्दल तिळभर शंका, त्याला उत्तमराव मॅट्रिकच्या वर्गात घेतच नसत. यंदा खालच्या वर्गातल्या चौदांपैकी दोघंच वर चढले. एक वकिलाचा, दुसरा देशमुखांचा. बाकीच्यांना 'जनावरं' म्हणून ते मोकळे झाले. निजामाच्या शिक्षणखात्यातला कुणी साहेब वर्षातून एकदा येऊन पाठ थोपटायचा आणि तेवढ्यावर हा गृहस्थ वर्षभर फुगून बसायचा. चौदा पोरांना शिकवण्यापेक्षा बारांना हाकलणं सोपं, एवढी अक्कल मात्र त्यांना भरपूर होती.

"दाखला कशाला रे? मेंढरांना वाचून दाखवतोस?"

"पैनगंगेपलीकडं चाललो, सर. वऱ्हाडातल्या शाळंत. मॅट्रिकला बसायचंय."

"मॅट्रिक! आणि मग?"

"कॉलेज," मुंजाजी म्हणाला. आवाज खाली गेला, पण शब्द त्यानं गिळला नाही.

उत्तमराव मनसोक्त हसले. कागद उर्दूत छापलेला होता, पण पलीकडच्यांना वाचता यावा म्हणून शेरा मराठीत लिहायचा असे. त्यांनी टाक दौतीत बुडवला. बाई सहा कोस पायी आलेली दिसत होती. 'अभ्यासात साधारण' लिहून ब्याद घालवावी, असं त्यांच्या मनात आलं.

"मास्तर," गोजरबाई हात जोडून म्हणाली, "येवढी मेहेरबानी करा. जरा कडक लिवा."

"काय लिहू?"

"कडक. मठ्ठ हाय, कॉलेजाच्या लायक न्हाई, असं. आमच्या गावच्या ग्यानबाच्या पोराला लिवलं हुतं ना तुमी, तसंच."

"ते कशासाठी?"

तिनं लेकाकडं पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता, म्हणून तिनंच सांगितलं.

"आमी तिकडं जाऊन इचारून आलो. तुमी 'साधारण' लिवलं की ते परीक्षा घेऊन मंग आत घेतात. तुमी 'मठ्ठ' लिवलं की सरळ नाव घालतात, काई इचारत बी न्हाईत. तुमी हाकललेली जी पाच पोरं तिकडं गेली, ती पाची पास झाली नव्हं! ग्यानबाचं पोरगं तर कॉलेजात शिकून राहिलं."

उत्तमरावांचे कान लाल झाले.

"तिथले हेडमास्तर काय म्हणतात माझ्याबद्दल?"

"चांगलंच म्हणतात की. म्हणले, तुमच्या सायबांना सांगा, असंच लिवत ऱ्हावा."

तिच्या बोलण्यात टोमणा शोधूनही सापडेना. बिचारीनं खरोखरीचा निरोप आणला होता. उत्तमरावांना तेच सोसेना. आता मुद्दाम 'साधारण' लिहावं आणि पोराला परीक्षेला बसवून जिरवावी, असं वाटून त्यांनी टाक कागदाला टेकवला. मग हात थांबला. परीक्षेत हा टिकेल का? तीन वर्षांत हा प्रश्न त्यांनी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. आज विचारला, आणि उत्तर लगेच मिळालं. भूमितीच्या पेपरात वकिलाच्या पोराहून यालाच गुण जास्त होते. ते त्यांनीच दिले होते.

"सर, चुकलं का काई?" मुंजाजीनं विचारलं.

उत्तमरावांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: मठ्ठ. कॉलेजच्या लायकीचा अजिबात नाही. 'अजिबात'खाली रेघ ओढली आणि कागद झटक्यात पुढं सरकवला.

मुंजाजीनं तो उभ्या उभ्या वाचला. मग हळूच परत टेबलावर ठेवला.

"सही राहिली, सर."