दोन ध्रुवांमधली तार

रविकांतला सगळंच कळायचं. रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर असल्यामुळे बायकोच्या विषयावरही त्याचीच मालकी. पद्मजा नाशिकला कॉलेजात फिजिक्स शिकवायची, हे तो पाहुण्यांना ‘भरतकाम करायची’ अशा सुरात सांगे. लग्न होऊन कुवेतला आल्यापासून ती तिथल्या एगैला भागातल्या फ्लॅटमध्ये त्याचे डबे भरत होती. आता एका भारतीय शाळेत जागा निघाली होती. उद्या वर्गावर धडा घेऊन दाखवायचा, पसंत पडला तर नोकरी. तिचा सगळा जीव त्यात अडकला होता.

त्या संध्याकाळी शेजारचे, मूळचे कोकणातले मुनव्वरभाई आणि सफियाभाभी जेवायला आले होते. हात धुऊन होताहेत तोच रविकांतनं पद्मजाचं सामान टेबलावर मांडलं: नालाकृती चुंबक, तांब्याची तार आणि तिला जोडलेलं, वीज आली की काटा हलवणारं गॅल्व्हनोमीटर.

“बघा भाई, तार चुंबकात हलवली की करंट! हिची तयारी मीच करून घेतो.”

त्यानं तार चुंबकाच्या दोन टोकांमध्ये धरली आणि या ध्रुवाकडून त्या ध्रुवाकडे सरकवली. काटा ढिम्म. जोरात सरकवली, तरी ढिम्म. एसी चालू असून गडी घामाघूम झाला.

पद्मजाला चूक पहिल्याच फटक्यात दिसली होती. तार चुंबकीय रेषांना समांतर चालली होती. त्यांना आडवी कापत गेली तरच वीज येणार. तिनं सांगितलं नाही. घरकामात त्याला एवढा घाम गाळताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“मीटर मेलंय,” तो म्हणाला. “उद्या येत नाही म्हणून कळवून टाक. चार लोकांत हसं कशाला?”

तेव्हा मात्र ती उठली. त्याच्या हातातून तार घेतली आणि चुंबकातून सपकन वरून खाली आणली. काटा टुणकन उडाला.

“या अल्ला! भाभी, काटो हाललो की!” मुनव्वरभाई ओरडले.

“मी एवढं हलवून मोकळं केलं म्हणून,” रविकांत रुमालानं मान पुसत म्हणाला.

पद्मजाला राग आला नाही. राग यायलाही समोरच्याची थोडी लायकी लागते.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं आधी तार एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे सरकवली, अगदी त्याच्यासारखी. काटा का हलत नाही, असं विचारलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी लगेच उभी राहिली, “मॅम, इट इजन्ट कटिंग एनीथिंग!” मग पद्मजानं तार वरून खाली आणली आणि वर्गानं कल्ला केला. मागे बसलेल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, रविवारी नवा आठवडा सुरू होतोय, तेव्हापासून या.

“मग? माझी पद्धत वापरलीस ना?” घरी येताच रविकांतनं विचारलं.

“वापरली,” ती म्हणाली. “मुलांना चूक ओळखायला दिली होती.”