मिसूरीची नॉर्टन

विल्माने बाटलीभोवतीचा कागद ओढून काढला आणि चुरगाळून टोपलीत टाकला. दुकानाचा मालक ग्रांट याने तो नुकताच गुंडाळला होता, वर चिकटपट्टीही लावली होती.

"असू द्या की," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आधी चाखू द्या गिऱ्हाइकांना. आवडली तर मग नाव सांगू."

"का? चोरीचा माल आहे?"

"मिसूरीची वाइन आहे, विल्मा. लग्नाच्या टेबलावर मिसूरीची वाइन कोण ठेवतं? फ्रान्सची सोडून तुम्ही ही अठरा डॉलरची पुढे करताय. आज हे गिऱ्हाईक गेलं तर सोमवारपासून येऊ नका."

"तुझ्या बापालासुद्धा मी कधी भ्यायले नाही," असं म्हणून तिने ग्लास पुसायला घेतले.

मिसूरीतल्या सेंट लुइसमधल्या या वाइनच्या दुकानात ती एकोणीस वर्षं होती. कुणी काही विचारलं की ती आधी आपल्याच देशातली बाटली काढी. मिशिगनची रिझलिंग, टेक्सासची टेम्प्रानियो, नाहीतर मग मिसूरीतल्याच हर्मन गावच्या द्राक्षांची ही काळीभोर नॉर्टन. लोक हसत. तरी काही जण घेऊन जात आणि महिन्याभराने तीच मागायला येत.

मिसेस केसलिंग मुलीला, ऑड्राला, घेऊन आल्या. तिचं लग्न जूनमध्ये होतं, पाहुणे दोनशे. खुर्चीत बसता बसता त्यांची नजर लेबलवर गेली.

"हे काय, मिसूरीची? आम्ही चांगली वाइन बघायला आलो होतो."

"चांगलीच आहे. साठ डॉलरची फ्रेंचही शेजारी ओतते. दोन्ही चाखा."

"चाखायची गरज नाही. लोक काय म्हणतील?"

"कुठली म्हणून विचारतील. सांगायचं, इथून दीड तासावर पिकते."

ग्रांट खाकरला आणि पुढे झाला. "मॅडम, विल्माचं मनावर घेऊ नका. आपण फ्रेंचच—"

"मी चाखते," ऑड्रा म्हणाली. तिने नॉर्टनचा घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला. मग दुसरा घेतला. "दाट आहे. मला आवडली. कुठे होतात ही द्राक्षं?"

"हर्मनच्या मागे टेकडी आहे ना," विल्मा म्हणाली, "तिच्या उत्तरेच्या उतारावर."

"दक्षिणेच्या," मिसेस केसलिंग म्हणाल्या.

विल्मा ओतता ओतता थांबली.

"उत्तरेकडे मार्चपर्यंत बर्फ हलत नाही. तिथे वेल कसा जगेल?" एवढं बोलून त्या पर्सची कडी लावू लागल्या. ती आधीच लागलेली होती.

"आई, तुला काय माहीत?" ऑड्राने विचारलं. "तू तर शिकागोत वाढलीस."

ग्रांटने तोंड उघडलं, तेव्हा विल्माने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटलं. मग तिने नॉर्टनचा एक ग्लास भरून मिसेस केसलिंगांसमोर सरकवला. चाखा म्हणाली नाही.

मिसेस केसलिंगांनी ग्लास उचलला. आधी नुसता वास घेतला, डोळे न मिटता. मग प्यायल्या.

"तेरा वर्षांची होईपर्यंत मी हर्मनला होते," त्या ग्लासकडे बघत म्हणाल्या. "ऑक्टोबरात रोज शाळा सुटली की द्राक्षं चिरडायच्या घाण्यावर. हा रंग साबणाने जात नाही. वर्गात मुली हसायच्या, म्हणून मी हात डेस्कखाली ठेवायचे. वर काढायची वेळ येऊ नये म्हणून उत्तर येत असलं तरी सांगायचे नाही."

ऑड्राने आईचा हात टेबलावरून ओढून घेतला, उलटा केला आणि एकेक बोट नीट बघू लागली. मिसेस केसलिंगांनी तो बघू दिला.

"दोनशे माणसांना हिच्या किती पेट्या लागतील?" ऑड्राने मान वर न करता विचारलं.

विल्माने मिसेस केसलिंगांकडे पाहिलं. त्यांनी रिकामा ग्लास पुन्हा भरायला थोडा पुढे केला.