वरून तपासणी

पुठ्ठ्याला खळ लावता लावता बांधणीच्या बाई मान वर न करताच म्हणाल्या, "उद्या मी नाहीये हं. वरून तपासणी आहे."

दारात देवघेवीच्या खिडकीवरची बाई उभी होती. अख्खं ग्रंथालय तिला दवंडी म्हणायचं, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचा अभिमान होता. एरवी तिने खोदून खोदून विचारलं असतं. आज नुसतं "अगं बाई" म्हणाली आणि लगबगीने निघून गेली. बाईंना नवल वाटलं. त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, कारण जीभ जरा घसरलीच होती.

पोटाचं दुखणं बाईंनी कामावर पहिल्यापासून गुलदस्त्यात ठेवलं होतं. आतड्यांना सूज आणणारा क्रोन्सचा आजार. आजवर डॉक्टर दर वेळी खालूनच दुर्बीण घालून बघत. पण अलीकडे दोन घासांत पोट तुडुंब व्हायचं, मळमळायचं, बेंबीच्या वर दुखायचं. पित्त असेल म्हणून बाईंनी गुलाबी औषधाच्या बाटल्या रिचवल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हा ओठांपासून पार शेवटापर्यंत कुठेही होऊ शकतो. आता वरून बघू या." बाईंना भीतीआधी कुतूहलच वाटलं. उसवण खालून सुरू झाली असं आपण धरून चाललो होतो. ती वरूनच निघाली असेल तर?

भीती होती ती दुसरीच. बांधणीतल्या दादांची पाठ धरली, तेव्हा ग्रंथपाल मॅडमनी त्यांना उचलून परतीच्या खिडकीवर बसवलं होतं. दिवसभर शिक्के मारायचे. आपल्या आजाराचा सुगावा लागला तर आपलंही टेबल जाणार, हे बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. उसवलेलं पुस्तक हातात घ्यावं, ते का उसवलं ते शोधावं आणि मग सुई उचलावी, याखेरीज त्यांना आयुष्यात दुसरं काही करायचं नव्हतं.

थोड्या वेळाने बाहेरून कपाट फरफटल्याचा आवाज आला. मग बादल्यांचा. बाई दार उघडून बघतात तर सगळे कामाला जुंपलेले. वरचा मजला सांभाळणारे काका खुर्चीतून उठले तरी त्याची बातमी व्हायची. ते चक्क गुडघ्यांवर बसून फरशी घासत होते.

"काका, हे काय चाललंय?"

"तुम्हीच विचारा आता. उद्या वरून तपासणी येतेय आणि तुम्ही बऱ्या रजेवर चाललात."

"कुणी सांगितलं?"

"दवंडीने. आणि तिला तुम्ही."

बाईंना आधी हसू फुटलं, मग पंचाईत लक्षात आली. गप्प बसावं, तर माणसं फुकटची राबताहेत. खरं सांगावं, तर टेबल गेलं. काही ठरायच्या आत त्यांची नजर शिडीवर गेली. निवृत्तीला टेकलेल्या मॅडम सगळ्यात वरच्या फळीवरची धूळ झटकत होत्या आणि त्यांचा एक पाय हलके हलके थरथरत होता.

बाईंनी जाऊन शिडी धरली आणि त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, खाली या. ती तपासणी माझी आहे."

"तुमच्या विभागाची?"

"माझ्या पोटाची. तोंडातून नळी घालून बघणार आहेत."

मॅडम खाली उतरल्या. बाईंनी मग हलक्या आवाजात सगळं भडाभडा सांगून टाकलं. आता बोलणी खायची म्हणून त्या उभ्या राहिल्या, तर मॅडमनी हातातल्या फडक्याची नीट घडी केली आणि विचारलं, "मळमळ खाल्ल्या खाल्ल्या होते की उशिरा?"

"लगेच."

"वजन?"

"उतरलंय."

"नुसतं बघून सोडू नका म्हणावं. तुकडे काढून तपासायला पाठवा. चांगल्या दिसणाऱ्या जागेचेसुद्धा."

पुस्तकांत राहून माणसाला काय काय कळतं, असं बाईंना वाटून गेलं. "आणि माझं टेबल?" त्यांनी विचारलं.

"ते नंतर बघू," असं म्हणून मॅडम वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काका, कोपरे राहिलेत. तपासणी आहे ना?"

तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी बाई कामावर परतल्या तेव्हा नळीने त्यांचा घसा खवखवत होता. दवंडी आणि काका बांधणीच्या खोलीत वाटच बघत होते. इमारतीचे फोटो मागवून तपासणी तिकडेच, वरच्या कार्यालयात झाली आणि आपल्यातर्फे बांधणीच्या बाईंना बोलावलं होतं, असं मॅडमनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"काय म्हणाले वरचे?" दवंडीने विचारलं.

एवढ्यात जाडजूड नकाशासंग्रह दोन्ही हातांनी पोटाशी धरून मॅडम दारात आल्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"वर ओल सापडली," बाई सावकाश म्हणाल्या. "दोन-तीन ठिकाणी. जिन्याच्या तोंडाशी जरा जास्त. नमुने पाठवलेत."

"ओल?" काका दुखावले. "वर? अहो, मी स्वतः भिंती पुसल्यात."

"बाहेरून दिसत नाही ती, काका."

"मग आता काय, इमारत पाडणार?"

"इतक्यावर कुणी पाडत नाही," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे तर खाली-वर दोन्हीकडे आहे. अधूनमधून बघून घ्यायचं, औषधाला चुकायचं नाही. राहतोच आहोत की."

"तुमच्या घरी?" दवंडीचे डोळे मोठे झाले. "कधी बोलला नाहीत ते."

"तुला सांगायचं म्हणजे गावभर दवंडी पिटल्यासारखंच."

काका हसले. बाईंना मात्र हसता आलं नाही. त्या मॅडमकडे बघतच राहिल्या. नेहमीचा करडा चेहरा, जरा ओघळलेली बाही, आणि मनगट इतकं बारीक, की हे आजवर आपल्या लक्षात कसं आलं नाही.

मॅडमनी नकाशासंग्रह बाईंच्या टेबलावर ठेवला.

"कणा सुटलाय याचा," त्या म्हणाल्या. "का सुटला ते आधी बघा. घाई नाही."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.