शेवटच्या गणपतीचे डोळे

कर्जतच्या मंडळाचा टेम्पो शेडच्या दारात उभा होता आणि छगन ड्रायव्हर आत डोकावून कुरकुरत होता, "मावशे, आवरा की! उशीर झाला तर मंडळाची पोरं मला हार घालतील, पन चपलांचा!"

"मग घालून घे. शोभंल तुला," मनकर्णामावशी ब्रशचं टोक ओठांत ओलं करत म्हणाली.

शेडमध्ये तेवढा एकच गणपती उरला होता, अजून डोळे नसलेला. तो गेला की हंगाम संपला. आणि उद्या मेहविशला कॉलेजात पाच कलाकारांची व्हिडिओ-चित्रं दाखवायची होती. सरांची अट कडक: मुलाखत नाही, संगीत नाही, कॅमेरा एका जागी आणि शॉट एकच, सलग. चार झाली होती. पाचवी ही मनकर्णामावशी, नगरच्या या कारखान्यात डोळे रेखणारी. आज हुकलं तर हुकलंच.

त्यात कडेवर लेक मलिका. सासूबाई पुणतांब्याला लग्नाला गेलेल्या, नवऱ्याची, परवेझची, ड्यूटी. मग श्रीरामपूरहून एसटीत कॅमेरा, ट्रायपॉड आणि दीड वर्षाची पोर असा सगळा संसार घेऊन मेहविश आली होती. आल्यापासून एक डोळा कॅमेऱ्यात, दुसरा पोरीवर. इथे खिळे, तिथे रंग, पलीकडे थिनरची वाटी.

"छगनभाऊ, पाचच मिनिटं धरा हिला."

"द्या. माझ्या पोरी अशाच वाढल्या टेम्पोत."

"आन ऐक गं पोरी," मावशी स्टुलावर बसत म्हणाली, "डोळं काडताना कुनी कुनाला हाक मारायची न्हाई. हात हलला तर देव चकणा व्हतो. एक डोळा काडला की दुसरा लगीच. मदी थांबाया येत न्हाई."

मेहविशने मान हलवली आणि बटण दाबलं. लाल ठिपका लागला.

मावशीने श्वास रोखला. ब्रश टेकला आणि पांढऱ्यावर काळी रेघ अशी काही वळली की मेहविशच्या अंगावर काटा आला. पहिला डोळा बघायला लागला! मिळतंय, मिळतंय, तिच्या मनात नुसते ढोल वाजत होते.

तेवढ्यात दारात छगनचा मोबाईल वाजला. त्याने मलिकाला खाली ठेवलं. पोर तुरुतुरु थेट फ्रेममध्ये शिरली आणि स्टुलापाशी बसून थिनरच्या वाटीकडे हात लांबवला.

मेहविशच्या घशात हाक आली. ओरडली तर मावशीचा हात हलणार. शॉट गेला खड्ड्यात, असं मनात म्हणत ती धावायला निघाली, पण त्याआधीच मावशीचा डावा हात खाली आला. न बघता त्या हाताने मलिकाचा फ्रॉक मुठीत धरला, पोर उचलली आणि मांडीवर घेतली. उजवा हात वरती दुसरी रेघ ओढतच होता. मलिका गपगार, तोंड उघडं ठेवून देवाकडे बघत राहिली.

रेघ पुरी झाली. मावशीने श्वास सोडला.

"झालं! घे गं तुझं लेकरू. बिनघोर हाय."

मेहविशने पोरीचे हात हुंगले, तळवे उघडून बघितले, मग तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायलाच लागली. पोरीला कडेवर थोपटतच ती कॅमेऱ्याकडे धावली. सगळं आलं होतं! सगळं!

"मला दाव की," मावशी पदराने हात पुसत आली. बघता बघता तिचा चेहरा बदलला. "आगं बया! जीभ बाहीर? काम करताना मी जीभ काडते? खोड ते! लोक काय म्हनतील?"

मेहविशने कॅमेरा घट्ट धरला. "मावशी, नका ना. पुढचं बघा फक्त. हा हात बघा."

छोट्या पडद्यावर डावा हात खाली आला, पोर वर आली, रेघ मात्र तसूभरही हलली नाही. मावशी वाकली. अजून वाकली.

"ह्यो माजा हात? मला ठावंबी न्हाई कवा गेला त्यो."

"खोडू का?" मेहविशने श्वास धरून विचारलं.

मावशी तिच्याकडे न बघता मागे वळून कारखान्यातल्या बायकांना ओरडून म्हणाली, "ए रंगूबाई, मालनबाई, या गं हिकडं समद्या! जीभ बगा माजी, गाईवानी!" आणि स्टूल पडद्यासमोर ओढून ऐटीत बसली. "हां. लाव परत. पयल्यापासनं."