खोक्यातला वरचा थर

आमच्या शेडमध्ये खोकं भरायची एक रीत आहे. सगळ्यात देखण्या चकत्या तळाला जातात, मध्यम मधे, आणि टोकाच्या, चिरलेल्या, कडेला जरा जास्त तापलेल्या अशा सगळ्यात वर. बाजार याच्या बरोबर उलटं करतो. तिथे वर हसरा माल आणि खाली रडका.

ही रीत माझ्या सासऱ्यांनी घातली. संत्र्याच्या चकत्या वाळवून परदेशी पाठवायचा धंदा त्यांनीच सुरू केला. मामंजी आता नाहीत, पण त्यांचं म्हणणं असायचं की, झाकण उघडल्याबरोबर घेणाऱ्याने आपली काय खोट असेल ती बघून घ्यावी. त्यानंतर थरामागून थर त्याचं तोंड उजळत गेलं पाहिजे. आता खोट म्हणजे टाकाऊ नव्हे. टाकाऊ चकती आमच्या शेडचा उंबरा ओलांडत नाही, ती खतात जाते. वरच्या थरातली चकतीही खायला गोडच, फक्त चारचौघींत उठून दिसणारी नाही.

काम सांगायला सोपं आहे. संत्री आली की आमचे हे एकेक फळ हातात फिरवून निवडतात. मग ती कपाईच्या, म्हणजे चकत्या कापायच्या, लांब टेबलावर येतात. तिथे कपाईवाल्या मावशींचं राज्य. सगळ्या चकत्या एका जाडीच्या हव्यात, नाहीतर पातळ जळते आणि जाड ओली राहते. मावशींच्या हाताखाली जाड चकती कापली गेली की त्या कापणारीला विचारतात, "ही काय उशाला घ्यायची आहे?" पुढे जाळीच्या चौकटी, गरम हवेची खोली, मधेच एकदा हाताने उलटणं. मोडताना कट् आवाज आला की वाळली. वास तर आमच्या केसांत, कपड्यांत, गाद्यांत मुरलेला. आमच्या घरातलं माणूस दुकानात शिरलं की दुकानदार मान वर न करता नावाने हाक मारतो.

समुद्रापलीकडचे लोक या चकत्या चहात सोडतात, केकवर लावतात. काहीजण नुसत्या दोऱ्यात ओवून खिडकीला टांगतात. आमच्या ह्यांना या धंद्याची पहिल्यापासून गंमत वाटते. म्हणतात, "आपण जीव तोडून पाणी काढायचं, आणि त्यांनी तिथे नेऊन परत पाण्यात बुडवायचं. याला म्हणतात व्यापार."

इतकी वर्षं आमचा माल दलालभाऊंच्या हातून जायचा. माणूस गोड बोलणारा, आला की आधी चहा मागणार आणि मग भाव पाडणार. जगाची खबर मात्र त्याच्याकडे. कुठल्याशा देशात बागांवर हिम पडलं की हा आमच्या दारात हजर, आणि दुसरीकडे पीक उदंड आलं की फोनसुद्धा उचलायचा नाही. खोक्यांवर खूण त्याची असायची. आमची संत्री कुठे उतरली, कुणी खाल्ली, कुणाला आवडली, आम्हाला काही पत्ता नाही. मुलगी सासरी धाडावी आणि सासरचं गावच माहीत नसावं, तसं.

हे माझ्या मुलीला सलायचं. तिला घरात सगळे बारकी म्हणतात. आता तिच्या कानाजवळ पांढरे केस आलेत तरी बारकीच. कपाईच्या टेबलापासून सुरुवात करून निर्यातीच्या कागदांपर्यंत सगळं तिने अंगावर घेतलं. पलीकडच्यांची भाषाही शिकली. एक दिवस जेवताना म्हणाली की, आता माल आपल्या खुणेने जाईल. ह्यांनी विचारलं, खूण कसली काढणार? तिने ओल्या बोटाने टेबलावर अर्धी चकती काढून दाखवली.

पलीकडच्या एका मोठ्या बाजारातली घाऊक खरेदीदार बाई तिने गाठली. नमुना पाठवला. बाईंना आवडला आणि त्यांनी अख्खा कंटेनर मागवला. अर्ध्या चकतीचं चित्र असलेली आमची पहिली खोकी. ती भरताना मावशींनी नवं लुगडं नेसल्यासारखा तोरा मिरवला, आणि वरचा थर मी स्वतः लावला. टोकाच्या चकत्या, चिरलेल्या, गडद कडांच्या. रीतीप्रमाणे.

माल पोहोचला आणि बाईंचा निरोप आला. सोबत फोटो होता. झाकण उघडलेलं खोकं आणि मी माझ्या हाताने लावलेला थर. नमुना एक आणि माल दुसराच, असं त्यांनी लिहिलं होतं. माल स्वीकारत नाही, परत न्यायची व्यवस्था करा.

बारकीने ते आम्हाला वाचून दाखवलं. त्या बाजारात मोजके मोठे खरेदीदार. सगळे एकमेकांच्या ओळखीचे. एकीने नापास केलेली खूण दुसरा हातात धरणार नाही. म्हणजे अर्धी चकती पहिल्याच फेरीत बुडाली आणि बारकीला पुन्हा दलालाच्या खुणेखाली जावं लागणार.

वाईट बातमीला पाय असतातच. दुपारी दलालभाऊ आले. चहा मागितला. फोटो बघितला आणि इतके हसले की बशी खाली ठेवावी लागली.

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. आमची खोकी त्यांच्या गोदामात गेली की त्यांची माणसं प्रत्येक खोकं उलटं करायची. आमच्या झाकणावर पट्टी मारून त्याचा तळ करायचा, आणि आमच्या तळाला झाकण कापायचं. वर त्यांची खूण. इतकी वर्षं. पलीकडे उघडलं की देखणा माल वर.

ह्यांनी विचारलं, "आणि आम्हाला बोलला नाहीत ते?"

"तुमच्या वडिलांना सांगितलं असतं, तर त्यांनी मला शेडच्या दारात उभं केलं असतं का?" दलालभाऊ म्हणाले. "वहिनी, तुमची रीत इथे घरात शोभते. बाहेर माणूस पहिला थर बघतो आणि भाव ठरवतो. मला द्या परत. काही बिघडलं नाही."

तसं वाईट बोलत नव्हते ते. बारकीला त्यांनी एक युक्तीही सांगितली: बाईला म्हणावं, खोकी चुकून उलटी भरली गेली, तळाकडून उघडून बघ.

ते गेल्यावर मी बारकीजवळ बसले. मला तिचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, तसंच सांग बाई. चुकून झालं म्हण. पुढच्या वेळी जगासारखं भरू. मामंजी काही बघायला येत नाहीत.

बारकीने हातातला फोन बाजूला ठेवला.

"आई, तू तो थर चुकून लावलास?"

मी पदर सारखा केला.

"निवडून निवडून लावलास. मी बघत होते. मग चुकून कसं म्हणू?" मग ती म्हणाली, "तळाकडून उघडलं तर ती समोर आलेला देखणा माल बघून सगळा तसाच समजेल. हेच तर दलालभाऊ करत आले. मला तिने सगळं बघायला हवंय."

तिला फोनवर समोरासमोर बोलायचं होतं. बाई आधी तयार नव्हत्या, मग झाल्या. त्यांच्याकडे सकाळ होती, आमच्याकडे दुपारची सुट्टी. कपाईचं टेबल पुसून फोन डब्याला टेकवून उभा केला. एका बाजूला हे, एका बाजूला मी, आणि मागे मावशी हाताची घडी घालून, जणू परीक्षा घेणाऱ्या त्याच.

पडद्यावर एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई दिसली. पांढरे आखूड केस, गळ्यात दोरीला चष्मा, मागे आमची खोकी रचलेली. आपली खूण मी परक्या भिंतीशी पहिल्यांदा बघत होते. बाईंचा आवाज शांत होता, आणि तेच जास्त जड वाटत होतं. बोलणं मला कळत नव्हतं. बारकी मधूनमधून आम्हाला सांगत होती. बाई म्हणत होत्या, माझे वडीलही हाच धंदा करायचे. वर चांगला आणि खाली वाईट असं खोकं मी हजारदा बघितलं, त्याचा रागही येत नाही आता. पण वरच असा माल, तर खाली काय असेल?

बारकीने आमची रीत सांगितली. ऐकून बाईंनी एकच प्रश्न विचारला, असं करायला कोण वेडं आहे?

तेव्हा बारकी जे बोलली ते तिने त्यांच्या भाषेत म्हटलं, आणि मग आमच्याकडे वळून आपल्या भाषेतही म्हटलं, आम्हाला कळावं म्हणून.

"खोकं घेणारा कधीतरी तळाशी पोहोचतोच. तळाशी पोहोचल्यावर त्याने आमची आठवण काढावी की आम्हाला शिव्या द्याव्यात, एवढाच प्रश्न आहे. आम्ही तळ आधी भरतो."

मग बारकीने सांगितलं की, तुमच्या मनाने कुठलंही खोकं घ्या, आणि वरून नाही, खालून नाही, सगळं टेबलावर ओता.

बाईंनी रचलेल्या खोक्यांतलं सगळ्यात वरचं सोडलं, पुढचं सोडलं, आणि आपल्या माणसाला पार मधलं एक ओढून काढायला लावलं. मावशी माझ्या कानात पुटपुटल्या, "हुशार आहे हो. मीसुद्धा तेच काढलं असतं." बाईंनी झाकण उघडलं, वरचा थर बघून तोंड वाकडं केलं, आणि खोकं टेबलावर पालथं केलं.

पडदा नारिंगी झाला. तळ आता वर आला होता. बाईंनी एक चकती उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरली. एकूण एक फोड, मधला तारा, कडेची बारीक साल, सगळं उजेडात उतरलं. त्यांनी ती कानाशी मोडली. कट्. तो आवाज समुद्रापलीकडून आमच्या टेबलावर आला आणि ह्यांनी आपोआप मान डोलावली, जशी ते शेडमध्ये डोलावतात. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ढीग हाताने पसरला. मधला थर, वरचा थर, सगळं वेगळं केलं. टोकाची एक चकती तोंडात टाकली आणि सावकाश चावली. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

मग त्या उठल्या आणि भिंतीच्या कडेचं आणखी एक खोकं घेऊन आल्या. ते कंटेनरच्या दाराजवळ लागलं होतं. तेही ओतलं. एक चकती वाकवली तर मोडली नाही, नुसती वाकली. दाराशी ओल धरली होती. ती चकती त्यांनी आमच्यासमोर धरून पुन्हा वाकवली.

बारकीने लगेच सांगितलं की तुमचं बरोबर आहे, दाराजवळची खोकी हिशेबात धरू नका. तिने क्षणभरही घासाघीस केली नाही. मला वाटतं, त्या उत्तरानेच बाईंचं मन वळलं. मला तर त्या बाईबद्दल तिथेच खात्री वाटली. मामंजींनीही तेच खोकं काढलं असतं.

बाई खुर्चीत बसल्या. बरंच काही बोलल्या. बारकी ऐकत होती, आणि तिच्या कानाची पाळी लाल होत चालली होती, लहानपणी शर्यत जिंकली की व्हायची तशी. शेवटी तिने आम्हाला सांगितलं: बाकीचा सगळा माल त्यांनी ठेवून घेतला. पुढचाही मागवला. भरायची रीत बदलायची नाही, पण झाकणावर ती त्यांच्या भाषेत छापायची. शब्दही बाईंनीच सांगितले: "सगळ्यात कमी प्रतीचा माल वर आहे. खाली जा."

फोन बंद झाला. ह्यांनी टेबल पुन्हा एकदा पुसलं, ते स्वच्छच होतं. मावशी म्हणाल्या, "झालं का? कपाईची वेळ झाली," आणि सुरी उचलायच्या आधी बारकीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवून गेल्या. आपला हात चिकट आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. बारकीने दिवसभर केस धुतले नाहीत.

दलालभाऊ पुढे एकदा आले. चहा घेतला. छापलेलं झाकण हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले की, अशी खोकी आता मी उलटी करू म्हटलं तरी कशी करणार? वाक्यच खाली जाईल. हसत म्हणाले, पण नजर बराच वेळ अर्ध्या चकतीवर होती.

मावशींची तक्रार मात्र वाढली आहे. झाकणावर छापल्यापासून पोरी इतक्या जपून कापतात की वरच्या थराला पुरेशा वाईट चकत्या मिळत नाहीत. परवा एकीने चांगली चकती वर ठेवली तर मावशींनी ती काढायला लावली. म्हणाल्या, झाकण खोटं पाडू नकोस.

मागच्या खेपेनंतर बाईंनी एक फोटो पाठवला. त्यांच्या गोदामातली माणसं मोठ्या किटलीभोवती उभी आहेत. प्रत्येकाच्या हातात पेला आणि पेल्यात एकेक चकती. बारकीने खालचा मजकूर वाचून दाखवला. वरचा थर त्या आता विकत नाहीत, आपल्या माणसांच्या चहाला ठेवतात, आणि माणसांनी बजावलंय की तो कमी करायचा नाही.

ह्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"म्हटलं नव्हतं? शेवटी पाण्यातच बुडवलं," ते म्हणाले, आणि पुढचं संत्रं निवडायला घेतलं.

मी नवं खोकं पुढे ओढलं आणि तळ भरायला लागले.